त्र्यंबकरावांचा हातगुण

टेकडीच्या मातीत सोनं आहे का, हे शोधायला भूवैज्ञानिक मृणाल उईके आली होती. अंगठीचा कणभर कीस मातीत पडला तरी तपासणी फसते, म्हणून तिच्या तुकडीत कुणीच सोनं घालत नसे.

तिला बोलावणाऱ्या खाण कंपनीचे मालक त्र्यंबकराव मात्र अंगठ्यांसकट माती चाळायला बसले. "माझा हातगुण बघाच!"

प्रयोगशाळेचा अहवाल आला. त्यांनी चाळलेल्या मातीतच सोनं होतं, बाकी सगळीकडे शून्य.

"बघा मॅडम! उद्याच टेकडीवरची वस्ती उठवा."

मृणाल वस्तीतल्या चुलींच्या धुराकडे बघत राहिली. मग म्हणाली, "साहेब, याच हातांनी तुमच्या अंगणातली माती चाळा. तिथंही एवढंच सोनं निघेल. मग आधी बंगला उठवू या का?"

त्र्यंबकरावांनी दोन्ही हात खिशात घातले.