कासवाच्या ढालीवरची तिसरी ओळ

एका राज्यात पिवळ्या पाण्याची नदी वाहत होती, आणि तिच्या काठी असा राजा नांदत होता, की जो कासवाला विचारल्याशिवाय नखंसुद्धा कापत नसे. शिकारीला जाऊ का? विचारा कासवाला. दाढ दुखते, कोणता पूर्वज रागावला? विचारा कासवाला. कासव बिचारं तोवर मेलेलं असायचं. त्याच्या पोटाकडची ढाल काढून, घासून गुळगुळीत करून ठेवत. ढालीला मागून खळगा पाडायचा, खळग्यात लाल तापलेली सळई टेकवायची, की टक्‌ असा आवाज होई आणि पुढच्या अंगाला तडा जाई. तडा कुठे वळला, कुठे त्याला फाटे फुटले, हे पाहून राजा अर्थ सांगे. अर्थ सांगायचा अधिकार एकट्या राजाचा. बाकीच्यांनी माना डोलवायच्या, आणि त्या ते अगदी मनापासून डोलवत.

हे सगळं ढालीवर कोरून ठेवायचं काम वेनशूचं. तीन ओळी कोरायच्या. पहिलीत काय विचारलं ते. दुसरीत राजाने काय वाचलं ते. तिसरीत, पुढे खरोखर काय झालं ते. तिसरी ओळ कोरून झाली, की ढाल राजवाड्यामागच्या खड्ड्यात पुरून टाकत.

अक्षरं हा प्रकार मुळात वेनशूनेच काढलेला. त्याआधी लोक दोरीला गाठी मारून गोष्टी लक्षात ठेवत, आणि कुठली गाठ कशाची हे विसरून भांडत. तरुणपणी वेनशूला एकदा ओल्या चिखलात क्रौंच पक्ष्याची पावलं दिसली. पक्षी कधीचा उडून गेला होता, तरी पावलं सांगत होती, इथे क्रौंच आला होता. मग वेनशूने काडी घेतली आणि तसाच सूर्य काढला, डोंगर काढला, पाणी काढलं, माणूस काढला. ज्या दिवशी ही पहिली अक्षरं झाली, त्या दिवशी आभाळातून धान्य पडलं आणि भर दुपारी भुतं मोठमोठ्याने रडली. लोक धान्य गोळा करायला धावले. भुतं का रडली, हे विचारायला कुणालाही सवड झाली नाही.

त्या दिवसापासून आणखी एक झालं. तिसऱ्या ओळीत जे कोरावं, ते खरं होऊन बसू लागलं. एकदा वेनशूला घरी जायची घाई होती, म्हणून त्याने आधीच कोरून टाकलं, 'दाढदुखी थांबली.' आणि राजाची दाढदुखी थांबली. वेनशू हे समजून चुकला. पण तो कुणाला काही बोलला नाही. जाणकार माणसं अशा वेळी बोलत नाहीत, आणि पुढे फार हळहळतात.

राणीला दिवस गेले, तेव्हा राजाने ढाल मागवली. सळई टेकली, टक्‌ झालं, आणि तडा वरून खाली सरळ गेला. त्याला वळण नव्हतं, फाटा नव्हता. सरळ तडा म्हणजे मुका तडा. कासवाला काही सांगायचं नव्हतं. राजाने तो पाहिला आणि वाचलं, "मुलगा होईल. शुभ होईल."

मुलगी झाली. राणी तिसऱ्या दिवशी गेली. राजाचं वाचन पहिल्यांदाच उघड उघड चुकलं होतं, आणि दरबारात कुणी त्याच्याकडे बघत नव्हतं.

"तिसरी ओळ कोर," राजा म्हणाला.

वेनशूने कोरलं, 'मुलगी झाली.' तिथे थांबायचं होतं. पण राजाच्या कपाळावर आठी होती, आणि ती आठी वेनशूकडे बघत होती. चूक राजाची नाही, मुलीचीच आहे, असं सांगणारं काहीतरी हवं होतं. तसं अक्षर तोवर जगात नव्हतं. वेनशूला दोन दिवसांपूर्वीचा लंगडा क्रौंच आठवला. चिखलात त्याचं एक पाऊल नीट उमटलं होतं आणि दुसरं फरफटत गेलं होतं. ते पाऊल आणि ती फरफट वेनशूने ढालीवर उतरवली आणि वाचून दाखवली, "अशुभ."

राजाच्या कपाळावरची आठी गेली.

मुलीचं नाव यिनलो. तिने आडात वाकून पाहिलं, आड आटला. तिने जर्दाळूच्या झाडाला हात लावला, झाड वठलं. मग राजाने तिला राजवाड्याच्या टोकाच्या घरात ठेवलं आणि दारासमोर भिंत बांधली. त्या राज्यात दारापुढे भिंत बांधायची रीत होती. भुताला सरळ चालता येतं, वळता येत नाही, अशी समजूत. यिनलो काही भूत नव्हती, तिला वळता येत होतं. पण वळून जायचं कुणाकडे?

तिला जेवण नेऊन द्यायला कुणी तयार होईना. वेनशू तयार झाला. रोज तो वाडगाभर भात नेई आणि भातात जेवायच्या दोन काड्या उभ्या रोवून ठेवी. त्या राज्यात काड्या अशा उभ्या फक्त मेलेल्यांच्या भातात रोवत. अशुभाला तसंच वाढायचं, ही राजाज्ञा. यिनलो काड्या उपसून घेई, हसून म्हणे, "गुरुजी, मेले तरी भूक लागतेच की." भात खाऊन झाला की वेनशू तिला जमिनीवर अक्षरं शिकवी. सूर्य, डोंगर, पाणी, माणूस. जगात तिला तो एकटा होता. आणि खरं सांगायचं तर त्यालाही ती एकटीच होती.

एकदा तिने विचारलं, "गुरुजी, माझ्यावरचं अक्षर कसं दिसतं? कुणी काढलं ते?"

"जुनं असेल," वेनशू म्हणाला. धडधडीत खोटं बोलला, आणि वाडगं उचलून घरी गेला.

यिनलो सतरा वर्षांची झाली आणि नदी आटली. राजाने ढाल मागवली, सळई टेकवली, तडा पाहिला. "नदीला मुलगी हवी," राजाने वाचलं. "दहाव्या दिवशी दुपारी तिला लाल लुगडं नेसवून नदीच्या पात्रात पुरावी. वेनशू, पहिल्या दोन ओळी कोर. तिसरी त्या दिवशी."

वेनशूने घरी चोरून दुसऱ्या ढालीवर कोरून पाहिलं, 'नदी आली.' ढाल हातातल्या हातात दुभंगली. जुनं 'अशुभ' उभं असताना त्याच्या उलटं दुसरं टिकेना. मग त्याने राजवाड्यामागचा खड्डा उकरला, यिनलोच्या जन्माची ढाल काढली आणि ते अक्षर खरवडायला घेतलं. कोरणी बोथट झाली. दुसरी घेतली, ती मोडली.

तेव्हा ढाल बोलली. "वेनशू, अक्षर असं निघत नाही. ज्यांच्याकडून घेतलंस, त्यांनी सोडलं पाहिजे. ढाल घेतलीस कासवाकडून, आकार घेतलास क्रौंचाकडून, आणि तिसऱ्यांना रडवलंस. तिघांकडे जा."

वेनशूने ढाल कमरेला बांधली आणि निघाला.

नदीच्या कोरड्या पात्रात म्हातारी कासवीण पाण्याच्या शोधात सरपटत होती. तिने ढाल ओळखली. "माझ्या लेकाची आहे. शेवटी त्याने काय सांगितलं?"

"काही नाही. तडा मुका होता."

"मग शब्द कुणाचा?"

"माझा."

"मला पाण्यापर्यंत ने," कासवीण म्हणाली. वेनशूने तिला पाठीवर घेतलं. तीन दिवस तो चालला, आणि रोज ती कालच्यापेक्षा जड होत गेली. डोंगराखाली एक डबकं सापडलं. कासवीण पाण्यात उतरली, मागे न बघता म्हणाली, "ढाल मोकळी केली," आणि तळाशी गेली.

डबक्यापलीकडच्या दलदलीत क्रौंच एका पायावर उभा होता. येणाऱ्याजाणाऱ्याला वाटे, काय डौल आहे! त्याचा दुसरा पाय टेकतच नव्हता. पंज्यात काटा होता, सतरा वर्षं तोच.

"मी तुला ओळखतो," क्रौंच म्हणाला. "त्या दिवशी मी लंगडत चाललो होतो. तू मागून येत होतास. तू काय केलंस?"

"मी पावलाचा ठसा पाहत उभा राहिलो."

"रक्त दिसलं नाही?"

"दिसलं. पण आकार सुरेख होता."

"काटा काढावा, असं नाही सुचलं?"

"नाही सुचलं," वेनशू म्हणाला, आणि त्याला आपली लाज वाटली. काटा इतका आत गेला होता की बोटांनी धरता येईना. तो चिखलात गुडघे टेकून बसला आणि दातांनी काटा ओढून काढला. त्याचं तोंड रक्ताने भरलं. क्रौंचाने पाय टेकवून पाहिला. मग म्हणाला, "आकार मोकळा केला. काटा जवळ ठेव. लोखंडाने जे निघत नाही, ते याने निघेल," आणि उडून गेला.

भुतं थडग्यांच्या माळावर भेटली, भर दुपारी, उन्हाच्या झळा हलतात तशी हलत. वेनशूने हात जोडले. "त्या दिवशी आपण का रडलात? मी विचारायला उशीर केला."

"फार उशीर केलास," भुतं म्हणाली. "आमच्याविषयी लोक खोटं बोलत, ते बोलणाऱ्याबरोबर मरून जाई. तू अक्षरं काढलीस आणि आम्हाला दिसलं, की आता ते मरणार नाही. म्हणून रडलो."

"आता मी काय करू?"

"जिच्यावर अक्षर आहे, तिला सगळं सांग. ढाल आणि काटा तिच्या हातात दे. खोडायचा हक्क तिचा आहे, तुझा नाही. तिने अक्षर काढलं, की शाप मोडेल आणि जादूही मोडेल. मग यापुढे कोरलेलं खरं होणार नाही."

"हे चांगलंच झालं."

"खरं होणार नाही," भुतं म्हणाली, "फक्त खरं वाटेल." आणि ती पुन्हा रडू लागली. वेनशू तिथे थांबला नाही. त्याच्या डोळ्यांपुढे यिनलोचा चेहरा होता. भुतांना सामोरं जाणं त्यापेक्षा सोपं गेलं होतं.

दहाव्या दिवशी दुपारी नदीच्या पात्रात खड्डा तयार होता. लाल लुगड्यातली यिनलो काठावर उभी होती. लोक वीस पावलं दूर उभे होते, तिची सावली अंगावर पडू नये म्हणून. धुळीने माखलेला वेनशू दिसला, तेव्हा तिचा चेहरा उजळला.

"गुरुजी, आलात! मला वाटलं, तुम्हाला बघायला मिळणार नाही."

"यिनलो, आधी ऐक," वेनशू म्हणाला. आणि त्याने सगळं सांगितलं. मुका तडा सांगितला, राजाची आठी सांगितली, लंगड्या पावलाचा ठसा सांगितला. मोठ्याने सांगितलं, राजालाही ऐकू गेलं.

यिनलोने त्याच्या कमरेच्या ढालीकडे पाहिलं. मग म्हणाली, "सतरा वर्षं तुम्ही मला भात आणलात."

"हो."

"रोज मला विचारत होतात, पोट भरलं का."

"हो."

"काड्या कोण उभ्या रोवत होतं?"

"मी."

"भिंतीच्या आत बघायला कुणी नव्हतं, गुरुजी. आडव्या ठेवल्या असत्या तर कुणाला कळलं असतं?"

 वेनशूने ढाल आणि काटा पुढे केला.

यिनलो खाली बसली. तिने ढाल मांडीवर घेतली आणि काट्याने ते अक्षर खरवडलं. सरळ पाऊल निघालं, मग फरफट निघाली. तिथे नुसतं गुळगुळीत कवच उरलं. त्याच्या आधी दोनच शब्द राहिले, 'मुलगी झाली.' तिने ते बोटाने एकदा वाचले.

मग डोंगराकडून आवाज आला, आणि पिवळं पाणी पात्र भरत खाली आलं. खणलेला खड्डा आधी भरला. लोक ओरडले, नाचले, एकमेकांच्या गळ्यात पडले. आड भरले, वठलेल्या जर्दाळूला पालवी फुटली. शाप मोडला.

राजाने हात वर केला. सगळे गप्प झाले. "मी वाचलं होतं," राजा म्हणाला, "नदीला मुलगी हवी. मुलगी काठावर आणली, नदी आली. वेनशू, तिसरी ओळ कोर. 'राजाने वाचलं ते खरं झालं.'"

"महाराज, तसं झालं नाही."

राजाच्या कपाळावर पुन्हा तीच आठी होती. या वेळी वेनशूने तिच्याकडे पाहिलं आणि कोरणी खाली ठेवली. राजाने त्याची दोन बोटं तोडायला लावली आणि त्याच्या शिष्याला पुढे बोलावलं. शिष्याचं अक्षर वेनशूपेक्षा सुबक होतं. त्याने ओळ कोरली. लोकांनी ती पाहिली, माना डोलवल्या, आणि घरी जाईपर्यंत त्यांना आठवायलाही लागलं, की राजाने अगदी असंच सांगितलं होतं.

यिनलो मात्र घरी गेली नाही. लाल लुगडं तिने काठावर सोडून दिलं, आतल्या साध्या वस्त्रानिशी ती नदीच्या वरच्या अंगाला चालू लागली. जिथे तिचं नाव कुणाला ठाऊक नव्हतं, तिथे ती गेली, असं म्हणतात. जाताना तिने आपल्या जन्माची ढाल बरोबर नेली. वेनशू हाताला फडकं गुंडाळून वाटेत उभा होता.

"यिनलो, मला क्षमा कर."

"तुम्ही मला वाचायला शिकवलंत," ती म्हणाली. "ते मी विसरणार नाही. दुसरंही विसरणार नाही." आणि ती भिंतीला वळसा घालावा तसा त्याला वळसा घालून पुढे गेली.

राज्यात सगळं पूर्ववत झालं. राजा कासवाला विचारतो, तडा जातो, राजा वाचतो, शिष्य कोरतो, लोक माना डोलवतात. आणि गावाच्या टोकाला आठ बोटांचा एक म्हातारा रोज दुपारी वाडगाभर भात वाढून दाराशी ठेवतो. दोन काड्या वाडग्याच्या काठावर नीट आडव्या ठेवतो. मग वाटेकडे बघत बसतो, आणि भात गार होतो.