आंबेवळणचा करपलेला गूळ

थांबा पाव्हणं, थुंकू नका! मानाचा गूळ आहे तो. कडू लागला ना? लागायचाच. आंबेवळणात हंगामाची पहिली काहील, म्हणजे रसाची मोठी कढई, मुद्दाम करपवतात. हे चुलवाण बघा, दगड कसे काळेकुळकुळीत झालेत. परगावचे गुळवे येतात, वास घेतात आणि कपाळाला हात लावतात. लावू द्या बापड्यांना. त्यांच्या गावाला गोजराबाई देसाई लाभल्या नव्हत्या.

फार जुनी गोष्ट. या टेकडीवर देसायांची गढी होती आणि तिथून गोजराबाई साऱ्या खोऱ्याचा कारभार बघायच्या. लोक त्यांना आईसाहेब म्हणत. पहिला गूळ निघाला की आईसाहेब गढी उतरून या चुलवाणापाशी यायच्या, मानाची ढेप आपल्या हातानं फोडायच्या आणि लहानथोरांच्या हातावर एकेक खडा ठेवायच्या. मगच गावानं गूळ खायचा. ढेप फोडेल तो खोऱ्याचा धनी, असा रिवाजच होता. आणि ती ढेप करायचा मान सटवाजी गुळव्याचा. त्याची काहील जन्मात कधी करपली नव्हती, असं सांगतात. पाकाचा थेंब गार पाण्यात सोडायचा, बोटांत दाबून बघायचा आणि "उतरवा" म्हणाला की उतरवायची. दुसरं बोलायची कुणाची टाप नव्हती!

एका वर्षी आईसाहेब देवदर्शनाला गेल्या. त्यांची पाठ वळते न वळते तोच दिरानं, मल्हाररावानं, भाडोत्री शिपाई घालून गढी बळकावली. आईसाहेब परतल्या तेव्हा दरवाजा बंद. भाल्यांच्या धाकानं त्यांना वेशीवरूनच माहेरी लावून दिलं. बायामाणसं हमसून हमसून रडली, म्हणे.

मल्हाररावाचा हुकूम सुटला, यंदाची ढेप आम्ही फोडणार. सटवाजीनं हात जोडले.

"धनी, ढेप आईसाहेबांच्या हातची. त्या येईस्तवर या चुलवाणाला जाळ न्हाई."

सारं गाव त्याच्या पाठीशी उभं राहिलं. उसाचं गाव, पण घरात गुळाचा खडा नाही! संक्रांतीला बायांनी नुसते तीळ वाटले. पोरं गोड मागायला लागली की हातावर भाजक्या शेंगा यायच्या. एकटा अंतोबा तेवढा मल्हाररावाच्या पुढंपुढं करायचा. आपल्या मळ्यात गूळ काढून गढीवर पोचवायचा. पण अंतोबाची ढेप फोडून कुणी धनी होत नाही, हे मल्हाररावालाही पक्कं ठाऊक होतं.

अशी वर्षं गेली. शेवटी मल्हाररावाचं डोकं फिरलं. त्यानं सटवाजीला बोलावून सांगितलं, "उद्या मानाची काहील चढली नाही, तर ज्या हातानं पाक बघतोस तो हात मनगटापासून उतरवीन."

गुळव्याचा हात गेला म्हणजे राहिलं काय? सटवाजीला रात्रभर डोळा लागला नाही. पहाटे बायको म्हणाली, "हात ऱ्हायला तर कधीतरी आईसाहेबांना गूळ घालशीला. उठा, पेटवा." सटवाजी उठला. चुलवाणात चिपाडं सारताना त्याच्या डोळ्यांना धार लागली होती. डोक्याशी भाला घेऊन शिपाई उभा.

रस उकळला, मळी निघाली, पाक दाटत आला. आता नजर हलवायची सोय नव्हती. या घडीला घराला आग लागली तरी गुळवा काहील सोडत नाही. सटवाजीनं थेंब बोटांत धरला आणि त्याच्या मनात आलं, अजून थोडा वेळ, की माझा शब्द माझ्याच हातानं मोडणार.

आणि नदीकडून आरोळी आली, "आईसाहेब आल्या! आईसाहेब आल्या!"

कुणाला आधी खरंच वाटेना. काहींनी भीतीनं दारं लावली आणि फटीतून बघत राहिले. पण गढीचे जुने पहारेकरी मल्हाररावाला विटले होते, त्यांनी आपणहून दरवाजा सताड उघडला. मल्हारराव मागच्या वाटेनं असा पळाला की त्याचा एक जोडा कुंपणात राहिला, म्हणे. मग काय विचारता! बाया पिठाच्या हातांनी धावल्या. एक जण न्हाव्यापुढून अर्ध्या दाढीनिशी उठून पळाला. सटवाजीच्या डोक्याशी उभ्या शिपायानंसुद्धा भाला टाकला आणि धूम ठोकली.

आणि सटवाजी? तोही धावला. काहील तशीच जाळावर!

नदीकाठी आईसाहेब बैलगाडीतून उतरत होत्या. केस पांढरे झाले होते, पण एकेकाला नावानं हाक मारत होत्या. लोक हसत होते, रडत होते, एकमेकांच्या गळ्यात पडत होते. गर्दीत सटवाजी दिसला तशा त्या म्हणाल्या, "सटवाजी, तुझी ढेप फोडल्याबिगर मी गढी चढायची न्हाई."

तेवढ्यात वारा फिरला आणि करपल्याचा वास आला. सटवाजी उलट्या पावली चुलवाणाकडे धावला.

सगळे चुलवाणापाशी आले. पाक कोळशासारखा. खरवडून जी ढेप निघाली ती दगडासारखी कडक. सटवाजीनं आईसाहेबांचे पाय धरले.

"इतकी वर्सं ज्यासाठी थांबलो त्येच जाळलं. आईसाहेब, तोडा ह्यो हात!"

"काहील टाकून गेला हुतास कुठं?"

"तुमास्नी बघाया."

अंतोबा लगबगीनं पुढं झाला. त्याच्या हातात पिवळीधमक ढेप.

"आईसाहेब, ही फोडा. आत्ताच सोन्यावानी उतरलीया."

आईसाहेबांनी ढेपेवरून हात फिरवला. "झ्याक झालाय गूळ, अंतोबा. म्हंजे तुम्ही नदीवर आला न्हवता तर."

असा हशा पिकला म्हणे, की झाडावरची पाखरं उडाली. मग आईसाहेबांनी काळी ढेप दगडानं फोडली, एक खडा तोंडात टाकला. तोंड पार वाकडं झालं, पण त्यांनी तो गिळला आणि डोळे पुसले.

"एवढा ग्वाड गूळ मला जन्मात कुणी घातला न्हवता."

मग साऱ्या गावानं तो खाल्ला. आईसाहेबांनी अंतोबाच्या हातावरही एक खडा ठेवला आणि म्हणाल्या, "खा. फुडच्या बारीला तेवढं पळा."

आजही पहिल्या काहिलीचा पाक दाटला की सटवाजीच्या घरचा गुळवा ती जाळावर सोडतो आणि सारं गाव नदीकडे धावतं. अंतोबाच्या घरचे सगळ्यांच्या पुढं असतात, बरं का! आणि आजही कुणाची लेक माहेरी आली, कुणाचा लेक बऱ्याच दिसांनी घरी आला आणि तव्यावरची भाकरी करपली, तर आंबेवळणात ती कुणी ढोरांपुढं टाकत नाही. ती आधी त्या आलेल्या माणसाच्या ताटात वाढतात. घ्या पाव्हणं, अजून एक खडा घ्या.