द्वारकाबाईंचं मशीन

"आता तरी सांगा, चाचा. माझं शिकायचं काय राहिलंय?"

दाऊदचाचांनी कपावर फुंकर मारली. ते धक्क्याच्या पायरीवर बसून चहा पीत होते.

विचारणारा जनार्दन चोगले. वय छत्तीस, हातात डिप्लोमा, आणि तीन वर्षं चाचांच्या मशीन-दुरुस्तीच्या शेडमध्ये काम. उद्यापासून त्याला पलीकडच्या बंदरात स्वतःचं दुकान टाकायचं होतं. फक्त चाचांनी 'जा' म्हणायला हवं होतं.

चाचा 'जा' म्हणत नव्हते. 'नको' असंही म्हणत नव्हते.

"सात वर्षं खाडीच्या तळाला पडलेलं होडीचं मशीन हे," जनार्दन म्हणाला. "द्वारकाबाईंच्या जाळ्यात आलं तेव्हा त्यात मशीन कमी आणि चिखल जास्त होता. तुम्ही स्वतः म्हणालात, भंगारात दे."

"म्हणालो."

"पिस्टन दहा दिवस डिझेलमध्ये भिजत ठेवला तेव्हा हलला. कॉइल नवी गुंडाळली. कार्बोरेटरचं एकेक भोक तारेनं साफ केलं. काल पिंपात बुडवून चालवलं, पहिल्या झटक्याला सुरू झालं... हे दुसऱ्या कुणाला जमलं असतं?"

चाचांनी बशीत थोडा चहा ओतला.



"बोला ना."

"चहा गरम आहे."

तेवढ्यात द्वारकाबाई आल्या. होडी त्यांचीच होती. तिसऱ्या-शिंपल्या विकायला पलीकडच्या बाजारात जायचं तर त्यांना जाऊन-येऊन तीन तास वल्ही मारावी लागत. खांदे कामातून गेले होते. हे मशीन चाललं तर ठीक, नाहीतर पावसाळ्याआधी होडी विकायची, असं त्यांनी ठरवलं होतं.

"झालं काय रे?"

"बघाच आता," जनार्दन म्हणाला.

मशीन होडीच्या मागच्या फळीला घट्ट आवळलेलं होतं. त्यानं ते लालभडक रंगवलं होतं. तो होडीत चढला, दोर सोडला आणि ऐटीत मागे उभा राहिला.

खाडीत दुसरी होडी नव्हती. पाणी कमरेएवढं.

चाचांनी एकदा गिअरच्या दांड्याकडे पाहिलं. दांडा पुढच्या गिअरमध्ये होता.

"सगळं बघितलंस?" त्यांनी विचारलं.

"चाचा, या मशीनचा प्रत्येक स्क्रू मला नावानं ओळखतो."

"... बरं."

जनार्दननं मूठ पिळून पेट्रोल पूर्ण सोडलं, म्हणजे आवाज बाजारापर्यंत जावा. मग दोरी ओढली.

मशीन गरजलं. होडी सुटली. जनार्दन होता तिथेच राहिला, फक्त त्याच्याखाली होडी नव्हती.

तो पाण्यातून वर आला तेव्हा होडी तीस हात पुढे गेली होती. सुकाणू धरायला कुणी नाही, म्हणून ती वळली. वळली ती वळतच राहिली. खाडीच्या मधोमध ती गोल गोल फिरू लागली, डौलात, भरधाव.

"अगो बाय माझे!" द्वारकाबाई ओरडल्या. "माझी होडी एकटीच कुठं चाललीय?"

जनार्दन होडीच्या दिशेनं धावायला लागला. चिखलात एक चप्पल गेली. मग दुसरी.

"मशीनच्या पंख्याच्या वाटेला जाऊ नकोस!" चाचांचा आवाज पहिल्यांदाच चढला. "टाकीत अर्धा लिटर घातलंय मी. संपलं की थांबेल. होडीला काही होत नाही, द्वारकाबाई. बसा."

द्वारकाबाई बसल्या. पहिल्या पाच फेऱ्या त्यांनी छातीवर हात ठेवून पाहिल्या. सहाव्या फेरीला त्यांना हसू फुटलं. ते मग आवरेना.

"गुणाची आहे हो," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "मी नसताना पण राबते!"

जनार्दन पायरीपाशी आला. डोक्यावर शेवाळ. नाकातून पाणी.

"गिअर लागलेला होता, चाचा."

"होय."

"तुम्ही पाहिला होतात?"

"पाहिला होता."

"मग बोललात का नाही?"

"तू म्हणालास, सगळं बघितलं."

जनार्दन खालच्या पायरीवर बसला. बराच वेळ तो पायाला लागलेला चिखल बोटानं काढत राहिला. पलीकडच्या काठावर माणसं जमली होती. कुणीतरी शिट्टी वाजवली. द्वारकाबाई अजून हसत होत्या.

"एवढं केलं..." तो खाली मान घालून म्हणाला. "आणि सगळ्यांसमोर माती खाल्ली. चुकलो मी, चाचा."

चाचांनी बशी बाजूला ठेवली. एक बोट वर केलं.

"तू चुकलास. पण गप्प बसून ते मशीन ऐक... एक ठोका चुकत नाहीये."