डोहात पाणी येईना

डोंगराखाली होता एक डोह. डोहात राहायचा टिंबू. टिंबू म्हणजे एवढुस्सा खेकडा! सोबतीला चिंगी मासोळी.

यंदा ऊन तापलं, तापलं. पाणी आटलं, आटलं. डोह उरला ओंजळभर. तोही कोमट कोमट.

चिंगी म्हणाली, "टिंबू, मला गुदमरतंय रे."

"थांब हं चिंगी. मी पाणी आणतो."

टिंबू निघाला. तिरका तिरका, तुरु तुरु.

नदी वाळूत निजली होती.

"नदीताई, नदीताई, डोहात पाणी येईना! वाहतेस का?"

"झरा झरेल, तर मी वाहीन."

तिरका तिरका, तुरु तुरु.

"झरादादा, झरादादा, नदी वाहेना, डोहात पाणी येईना! झरतोस का?"

"डोंगर भिजेल, तर मी झरेन."

तिरका तिरका, तुरु तुरु. चढ आला. टिंबू दमला. तरी चढला.

"डोंगरआजोबा, डोंगरआजोबा, झरा झरेना, नदी वाहेना, डोहात पाणी येईना! भिजता का?"

डोंगरानं मोठ्ठी जांभई दिली. "पाऊस आता पूर्वीसारखा येत नाही रे. एकदम येतो, धो धो! माझ्या उघड्या पाठीवरून घसरून जातो. गवत त्याला धरेल, तर मी भिजेन."

तिरका तिरका, तुरु तुरु.

"गवतबाळा, गवतबाळा, डोंगर भिजेना, झरा झरेना, नदी वाहेना, डोहात पाणी येईना! उगवतोस का?"

मातीतून आवाज आला, "शेळी थांबेल, तर मी उगवेन."

तिरका तिरका, तुरु तुरु.

"शेळीबाई, शेळीबाई, गवत उगवेना, डोंगर भिजेना, झरा झरेना, नदी वाहेना, डोहात पाणी येईना! थांबतेस का?"

"बेंऽऽ! मला भूक लागते. माझी मालकीण ठकूमावशी पाला देईल, तर मी थांबेन."

तिरका तिरका, तुरु तुरु.

ठकूमावशी अंगण झाडत होती.

"मावशी, मावशी, शेळी थांबेना, गवत उगवेना, डोंगर भिजेना, झरा झरेना, नदी वाहेना, डोहात पाणी येईना! पाला देतेस का?"

मावशी खाली बसली. "अरे माझ्या राजा! एवढासा तू, किती रे चाललास! देते हो, रोज देते."

मावशीनं पाला दिला. शेळी थांबली. गवत उगवलं, मऊ मऊ. ढग आले. पाऊस आला, धो धो! गवतानं त्याला धरलं. "हळू रे, हळू!"

डोंगर भिजला, आतपर्यंत. झरा झरला, झिर झिर. नदी जागी झाली, खळ खळ. डोहात पाणी आलं, गार गार!

चिंगी सळ्ळकन खोल गेली. सळ्ळकन वर आली.

टिंबू पाण्यात उतरला. डुबुक्!

"टिंबू, बघ ना, डोहात ढग आलेत!"

दोघं पांढऱ्या ढगात शिरली. तरंगली, तरंगली. पाणी हललं, ढग हलला. टिंबूचे डोळे मिटले.

हळू बोला हं. दमलाय तो.