वेलाच्या बुंध्याशी मूठभर मीठ

"मग तुमच्यानंतर उरणार काय, महाराज?"

भार्गव मठाच्या ओसरीवर येरझारा घालत होता. अच्युतगिरी महाराज धुनीजवळ भिंतीला टेकून बसले होते. सकाळी वैद्यांनी त्यांची नाडी पाहून नुसती मान हलवली होती. महाराजांनी त्यांना चहा पाजून वाटेला लावलं होतं.

"बस," महाराज म्हणाले.

"बसून काय होणार आहे?"

"माझी मान दुखते रे. इकडून तिकडं, तिकडून इकडं."

भार्गव थांबला. बसला मात्र नाही.

"कॉलेजात शिकलोय मी हे. गवत उन्हावर जगतं. गवताला टोळ खातो, टोळाला बेडूक, बेडकाला साप. दर वेळी बरीचशी ऊर्जा उष्णता होऊन उडून जाते. पुढच्याच्या वाट्याला जेमतेम दहावा हिस्सा."

"बिचारा साप."

"हसू नका! तुमच्या गुरूंचा दहावा हिस्सा तुमच्यात. तुमचा दहावा माझ्यात... आणि माझ्यामागून येईल त्याला काय? नुसता वास?"

महाराजांनी धुनीतलं लाकूड आत सरकवलं.

"मी काही उडून जाऊ देणार नाही. तुमचं सगळं बोलणं मोबाइलमध्ये भरून ठेवलंय."

"ऐकलं मी. त्यात माझा खोकलाच जास्त आहे."

"महाराज..."

"आणि गोठ्यामागं, ताडपत्रीखाली काय भरून ठेवलंयस?"

भार्गवचा चेहरा उतरला.

"मीठ."

"पोतीच्या पोती? आमटीला?"

या मठात संन्याशाला जाळत नाहीत. खड्ड्यात मांडी घालून बसवतात, गळ्यापर्यंत मीठ भरतात आणि वर शिळा ठेवतात. मठामागं अशा शिळांची एक ओळच होती. पुढच्या शिळेसाठी मीठ येऊन पडलं होतं, आणि महाराज अजून चहा पीत होते.

"ऐनवेळी धावाधाव नको म्हणून..." तो कसाबसा म्हणाला.

"बरं केलंस. मूठभर घेऊन ये."

"आत्ता?"

"आत्ता."

भार्गव मीठ घेऊन आला. महाराजांनी ते मुठीत घेतलं आणि भिंतीचा आधार घेत उठले. भार्गव सावरायला पुढं झाला, तर त्यांनी त्याला कोपरानं बाजूला केलं.

ते मठाच्या मागच्या अंगाला गेले. धुनीतली राख, सुकलेलं निर्माल्य, गोठ्यातलं शेण, सगळं तिथं पडायचं. त्या ढिगात दुधीचा वेल होता. भार्गवनं मठात आल्या आल्या लावलेला. आधी अंगणातल्या मुरमात लावला, तिथं तो जगेना. मग उपटून इथं आणला, तर छपरावर चढला. पहाटे उठून भार्गव आधी वेलाकडं जायचा, मग पूजेला. महाराजांनी त्याला त्यावरून कधी टोकलं नव्हतं.

महाराज वाकले. मिठाची मूठ वेलाच्या बुंध्यावर धरली. बोटं सैल केली...

भार्गवनं त्यांचं मनगट पकडलं.

"काय करताय? मरेल ना तो!"

"मीठ आहे. मिठात सगळं टिकतं."

"टिकून काय करायचंय? वाढायला नको?"

शब्द तोंडातून गेले. मग त्याला ते ऐकू आले.

मनगट तापानं कढत होतं. महाराजांनी हात मागं घेतला नाही, पुढंही नेला नाही. कौलांवर एक चिमणी उगाच टिवटिवत होती.

भार्गवनं हळूच मनगट सोडलं. पण गप्प बसणं त्याच्या स्वभावात नव्हतं.

"ठीक आहे. देहाची माती होईल, ती वेलात जाईल. ते फिरत राहतं, कबूल. पण ऊर्जा? ती तर गेलीच ना? गेलेली उष्णता परत येत नाही, महाराज. माझा हिशेब काही खोटा नाही."

"खोटा नाहीच."

"मग?"

"या वेलाला आज कालचं ऊन घातलंस का?"

"कालचं ऊन कसं घालणार? ऊन रोज नवं येतं."

"तुझ्या गुरूनं आणून दिलं?"

"...नाही."

महाराजांनी दुसरा हात ढिगात घातला. चिमूटभर राख काढून भार्गवसमोर धरली.

"ही कशाची?"

"धुनीची."

"ऊब कुठाय हिच्यातली?"

"गेली ना! तेच तर सांगतोय मघापासून..."

"कुठं गेली?"

थंडीतल्या त्या सगळ्या पहाटा भार्गवला आठवल्या. धुनीच्या या बाजूला तो, त्या बाजूला महाराज. वाद घालता घालता केव्हा उजाडायचं ते कळत नसे.

"शेकलास ना?"

"...हो."

"मग?"

भार्गवनं मान फिरवली. मग हट्टानं पुन्हा वळला. डोळे लाल झाले होते.

"गावातले लोक शिळा मागतील. हात कुठं जोडायचे म्हणतील. त्यांना काय सांगू?"

"इथं खण. या ढिगापाशी. शिळा नको, मीठ नको."

"लोक मलाच बोल लावतील!"

"लावतील. मग घरी जाऊन जेवतील."

"आणि मी?"

महाराजांनी त्याचा तळवा उघडला. मुठीतलं मीठ त्यात ओतलं आणि त्याची बोटं एकेक करून मिटवली. भिंत धरून ते ओसरीकडं निघाले.

"महाराज! मी काय करू, ते तरी सांगा..."

"पहिला दुधी धरला की भाजी कर. येईल त्याला वाढ."

चार पावलांवर ते थांबले. मागं न वळता म्हणाले,

"मीठ बेतानं घाल. तुझा हात जड आहे."