जांभळी पावलं

रानात माणसाची पायवाट नव्हती, तेव्हाची गोष्ट. सावी नावाच्या सशिणीनं टेकडीमागे जांभळाच्या सरबताचं दुकान थाटलं, पण तिकडे कुणी फिरकेना. मग एका पहाटे तिनं पाणवठ्यापासून थेट दुकानापर्यंत जांभळाच्या रसानं सुपाएवढी पावलं उमटवली.

सकाळी ती पाहून हरणांची पाचावर धारण बसली. हत्तीदादांनी पाणवठाच बंद केला. दुपारी पिलं तहानेनं रडू लागली, त्यातच म्हातारे साळिंदर आजोबा कुठे दिसेनात.

"राक्षसानं नेलं त्यांना," माकडं म्हणाली.

अखेर धीर करून सगळं रान पावलांच्या मागावर निघालं. टेकडीमागे आजोबा सावलीत बसून निवांत सरबत पीत होते. "फार उशीर केलात," ते म्हणाले.

हत्तीदादा सावीवर संतापले. "अगं, अख्खं रान भ्यालं. हा काय प्रकार?"

सावीचे कान पडले. "चुकलं माझं, दादा. पावलं बघून कुणीतरी येईल, एवढंच वाटलं होतं."

हत्तीदादांनी मागे वळून पाहिलं. मुंगसापासून गव्यापर्यंत सगळे उभे होते. दादांना हसू आवरेना.

"आलोय खरे," ते म्हणाले. "आधी पिलांना दे."