एक लाख तीन गुंजा

एका राज्यात समान वाटणीचा फार अभिमान होता. प्रसादाचे लाडू असोत की लुटीची रत्ने, ढीग सारखेच पडले पाहिजेत. 'वाटणी होत नाही' असे राजाने म्हणणे म्हणजे कुळाला बट्टा. त्या अभिमानापायी अजितधर राजाचे आजोबा आणि वडील कालदंष्ट्र मांत्रिकाच्या डोंगरावर पाषाण होऊन उभे होते. आता खुद्द अजितधर छातीपर्यंत दगड झाला होता, आणि लग्नाला महिनाही न झालेली राणी कुमुदिनी त्याच्यासमोर उभी होती.

मांत्रिकाने तीन ढीग घातले होते. पहिल्यात एक्क्याण्णव गुंजा. राजाने तेरा-तेराच्या सात रांगा लावल्या. दुसऱ्यात दहा हजार एक. त्याही त्र्याहत्तर रांगांत बसल्या, प्रत्येकीत एकशे सदतीस. तिसऱ्यात एक लाख तीन. इथे दर चुकीला दगड वीतभर वर चढला.

"सूर्य बुडायच्या आत वाटा," मांत्रिक पुन्हा म्हणाला, "नाहीतर वाटणी होत नाही हे सिद्ध करा. सगळ्यांची एकच रांग, किंवा एकेका गुंजेच्या रांगा, चालणार नाहीत."

मधली अट आजवर कुणी ऐकलीच नव्हती. कुमुदिनीने ऐकली. सासरी नवी असल्यामुळे तिला सगळेच लक्ष देऊन ऐकावे लागे.

गुंजांना हात न लावता तिने धुळीत काडीने भागाकार मांडले. माहेरून आलेली साळुंकी खांद्यावर बसून पाढे म्हणू लागली.

"दोनाने एक उरते, ताई. मग चार, सहा, आठ पाहायलाच नकोत."

"साताने?"

"साताने एकच उरते."

"एकच ना?" राजा ओरडला. "मुठीत लपव!"

लबाडीचा शब्द निघताच दगड गळ्याशी आला.

"महाराजांनी थोडा वेळ बोलू नये," कुमुदिनी खाली मान घालून म्हणाली.

अकरा, तेरा, सतरा... ऊन कलले. दगड आपणहून हनुवटीला टेकला. पासष्टावा भागाकार तीनशे तेराचा. उरल्या एकशे छप्पन. काडी थांबली.

"नाही होत," ती म्हणाली. सासरी आल्यापासून तिने प्रथमच कशाला तरी नाही म्हटले होते.

मांत्रिक हसला. "अजून लाखभर आकडे बाकी आहेत, राणीसाहेब. आणि सूर्य अर्धा बुडाला."

"ते पाहायचे कशाला? तीनशे सतरा रांगा, प्रत्येकीत तीनशे सतरा, एवढ्यालाच एक लाख चारशे एकोणनव्वद गुंजा लागतात. तेवढ्या ढिगात नाहीत. म्हणजे रांगा तरी तीनशे सतराहून कमी हव्यात, नाहीतर रांगेतल्या गुंजा तरी. आणि त्याखालचा प्रत्येक आकडा, स्वतः नाहीतर त्याला भागणारा लहान आकडा, या धुळीत आहे. वाचा."

मांत्रिक वाचू लागला. शेवटच्या ओळीवर त्याचे बोट पोचले, आणि तो कापरासारखा उडून गेला.

दगड तडकले. आजेसासरे आणि सासरे जागे झाले. कुमुदिनीने घाईने पदर सावरला.

"झाली का वाटणी?" आजेसासऱ्यांचा पहिला प्रश्न.

अजितधराने राणीकडे पाहिले, घसा खाकरला. "होत नाही, आजोबा."

कुळाला काहीही झाले नाही. गुंजा अजून त्या डोंगरावर आहेत. ज्याला शंका असेल त्याने रांगा लावून पाहाव्यात.